वॉल्टर जॉन्सन: हाताने नाही, अख्ख्या अंगाने चेंडू फेकणारा माणूस

फोनवर चेंडूचा वेग मोजून देणारी ॲप्स आता भरपूर आहेत. थ्रो करायचा, व्हिडिओ काढायचा, आकडा बघायचा. आकडा आला की मित्रांना दाखवायचा आणि पुढचा थ्रो आणखी जोरात मारायचा. गाडी घसरते ती इथेच. कारण आकडा वाढवायला बहुतेक जण एकच गोष्ट करतात, हात आणखी जोरात ओढतात. थोड्या दिवसांत कोपर दुखायला लागतं.

म्हणून आज मी ॲपचा रिव्ह्यू करत नाहीये. मी एका पिचरची गोष्ट सांगणार आहे, ज्याच्या काळात रडार गन नव्हती, स्लो मोशन असलेला फोन नव्हता आणि एमआरआयही नव्हतं. तरीही त्याचा वेग मोजला गेला, तोही बंदुकीच्या कारखान्यात. त्याचं नाव वॉल्टर जॉन्सन. त्याचं आयुष्य बघितलं की थ्रो कसा सुधारायचा हे कळतंच, आणि वेगाच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळतं.

शेतावरून थेट मोठ्या मैदानात

वॉल्टर जॉन्सनचा जन्म ६ नोव्हेंबर १८८७ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, हम्बोल्ट गावाजवळच्या शेतावरचा. तो चौदा वर्षांचा असताना घरचे सगळे कॅलिफोर्नियात ऑलिंडा इथल्या तेलविहिरींच्या वस्तीत राहायला गेले. फुलर्टनच्या हायस्कूलकडून आणि तेलविहिरींवरच्या संघाकडून तो खेळू लागला. पुढे आयडाहो राज्यातल्या वीझर गावात टेलिफोन कंपनीत काम करता करता तिथल्या संघासाठी तो पिचिंग करायचा.

एका फिरत्या विक्रेत्याने त्याला तिथे बघितलं आणि वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचे मॅनेजर जो कँटिलन यांना पत्रावर पत्रं धाडली. कँटिलन यांनी शेवटी आपला जखमी कॅचर क्लिफ ब्लँकनशिप याला बघायला पाठवलं. त्याने जॉन्सनला करारबद्ध करूनच दम घेतला. असं सांगतात की सही करण्याआधी जॉन्सनने एकच खात्री मागितली. जमलं नाही तर घरी परतायचं रेल्वेचं भाडं मिळेल ना?

ते भाडं लागलंच नाही. २ ऑगस्ट १९०७ ला तो डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध पहिला सामना खेळला. सामना हरला, पण समोरच्या टाय कॉबसारख्या बॅटरला बॅट फिरवायचं सोडून चेंडू नुसता हळूच ठेवून पळावं लागलं. पुढची २१ वर्षं, म्हणजे १९२७ पर्यंत, जॉन्सन त्याच एका संघासाठी खेळला.

थोडे आकडे सांगतो. सप्टेंबर १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्याने चार दिवसांत तीन सामने टाकले, आणि तिन्हींत एकही धाव दिली नाही. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. १९१३ च्या हंगामात ३६ विजय, ७ पराभव, आणि नऊ इनिंगमागे सरासरी फक्त १.१४ धावा. कारकिर्दीत ४१७ विजय, ११० शटआउट, ३,५०८ स्ट्राइकआउट. ३,००० स्ट्राइकआउटचा टप्पा त्याने १९२३ मध्ये ओलांडला, आणि पुढची ५१ वर्षं तिथे दुसरं कोणी पोचलंच नाही.

लोक त्याला 'बिग ट्रेन' म्हणायचे. त्या काळात सगळ्यात वेगवान गोष्ट म्हणजे आगगाडी, म्हणून.

१९१२: चेंडू गेला गोळीच्या रांगेत

पण 'खूप वेगवान' म्हणजे किती? हाच प्रश्न १९१२ मध्ये विचारला गेला, आणि जॉन्सनला कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट इथे रेमिंग्टन कंपनीच्या बंदूक-चाचणीच्या जागेत नेण्यात आलं. सोबत ब्रुकलिनचा पिचर नॅप रकर होता.

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायची तिथली पद्धत सोपी होती. समोर बारीक तारांची जाळी, तिच्या मागे ठरावीक अंतरावर पोलादी पाटा. गोळी जाळीतून गेली की वेळ सुरू, पाट्यावर आदळली की वेळ बंद. अंतर माहीत, वेळ माहीत, मग अंतराला वेळेने भागा. आज गोळीच्या जागी बेसबॉल होता, एवढाच फरक.

जॉन्सनचा आकडा आला सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी साधारण १३४ किलोमीटर. रकरचा आला सेकंदाला ११३ फूट.

आजच्या मेजर लीगमध्ये सरासरी फास्टबॉल ताशी १५१ किलोमीटरच्या आसपास असतो. मग 'बिग ट्रेन' पॅसेंजर होती का? थांबा. आकडा वाचण्याआधी तो कसा काढला ते बघायला हवं.

एक, जॉन्सन साध्या कपड्यांत होता, आणि पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून फेकतो तो उंचवटाही तिथे नव्हता. दोन, त्याचा हात बाजूने यायचा, चेंडू खालून जायचा, आणि जाळी होती वर. चेंडू नेमका जाळीत घालायला त्याला बरेच प्रयत्न करावे लागले. नेम साधायचा म्हटलं की वेग कमी होणारच. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वेग मोजला गेला तो चेंडू सगळं अंतर कापून बॅटरच्या जागेच्याही मागे पोचल्यावर. आज आपण जो आकडा टीव्हीवर बघतो, तो चेंडू हातातून सुटल्यावर लगेचचा असतो. हवेच्या विरोधामुळे बॅटरपर्यंत जाता जाता चेंडूचा वेग साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो.

२०१५ च्या 'फास्टबॉल' या माहितीपटात भौतिकशास्त्रज्ञांनी जॉन्सनचा आकडा आजच्या पद्धतीत बदलला. उत्तर आलं ताशी ९३.८ मैल, म्हणजे १५१ किलोमीटर. साध्या कपड्यांत, सपाट जमिनीवर, नेम धरून फेकलेला चेंडू आजच्या सरासरीच्या बरोबरीचा!

तुमच्या ॲपमध्येही हाच घोटाळा होतो

तुमचं ॲपसुद्धा तेच करतं, अंतर भागिले वेळ. फोनमध्ये चेंडू मोजणारं रडार नसतं. ॲप फक्त व्हिडिओतल्या फ्रेम मोजतं.

समजा तुम्ही ॲपमध्ये अंतर भरलं १८.४४ मीटर, कारण बेसबॉलमध्ये पिचरच्या जागेपासून होम प्लेट तेवढी लांब असते. (क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर, म्हणजे त्याहून थोडी जास्त.) पण मोठा पिचर चेंडू सोडतो तेव्हा त्याचा हात दीड-दोन मीटर पुढे गेलेला असतो. चेंडूचा खरा प्रवास धरा १६.७ मीटर. वेळ लागला ०.४५ सेकंद. १८.४४ धरलं तर वेग येतो ताशी १४८ किलोमीटर. १६.७ धरलं तर येतो १३४. थ्रो तोच, पण आकड्यात १४ चा फरक.

आता फ्रेम बघू. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. सुरुवात किंवा शेवट ओळखताना एक फ्रेम चुकली की वेगात सात टक्क्यांची चूक. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तीच चूक एक टक्क्यावर येते. म्हणून मोजायचंच असेल तर २४० वर मोजा, अंतर हात सुटतो तिथून धरा, आणि स्वतःच्या आकड्याची तुलना फक्त स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करा, तीही त्याच मैदानावर, त्याच पद्धतीने.

वेग येतो कुठून?

आकडा कसा येतो ते कळलं. पण आकडा म्हणजे निकाल. कारण त्याच्या आधी घडतं.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९२४ च्या वर्ल्ड सिरीजची जवळपास चार मिनिटांची जुनी फिल्म लोकांसमोर आणली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गॅरेजमध्ये ती पडून होती. त्यात जॉन्सन पिचिंग करताना दिसतो. मी ती फोनवर थांबवत थांबवत पाहिली. त्या काळच्या मूक फिल्ममध्ये सेकंदाला साधारण १६ ते २४ फ्रेम असायच्या, त्यामुळे चेंडू सुटतानाचा हात पुसट दिसतो. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं दिसतं. शिकण्यासारखं नेमकं तेच आहे.

गोफण आठवा. गोफणीतला दगड हाताच्या बोटांनी ढकलला जात नाही. आधी अंग वळतं, मग खांदा, मग हात, मग दोरी, आणि सगळ्यात शेवटी दगड. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याचा वेग उचलतो आणि पुढच्याला देतो. पिचरचं शरीर हीच गोफण आहे. पुढचं पाऊल जमिनीवर पडतं, कंबर वळते, मग धड, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. कंबर वळायला लागते तेव्हा खांदे अजून मागेच असतात. कंबर आणि खांद्यांमधला हा पीळ म्हणजे ताणलेलं रबर.

हा पीळ सुटतो तेव्हा काय होतं? व्यावसायिक पिचरचा दंड खांद्याच्या सांध्यात सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. तेवढ्याच वेगाने फिरत राहिला, तर एका सेकंदात एकोणीस गिरक्या पूर्ण होतील. २४० फ्रेमच्या व्हिडिओतही एका फ्रेममध्ये हात तीसएक अंश सरकलेला असतो. इतक्या वेगात मेंदूला मध्ये पडून काही दुरुस्त करायला वेळच नसतो. म्हणूनच 'हात जोरात फिरव' हा सल्ला निरुपयोगी आहे. सुधारणा करता येते ती आधीच्या, सावकाश भागात.

जॉन्सनचं वैशिष्ट्य इथे कळतं. उंची साधारण १८५ सेंटीमीटर, हात लांब. सुरुवातीला पवनचक्कीसारखी हाताची छोटी फिरकी, मग पाऊल, आणि मग हात खांद्याच्या वरून न येता बाजूने यायचा. याला साइडआर्म म्हणतात. बघणाऱ्याला वाटायचं की हा काहीच जोर लावत नाहीये. जोर होता, फक्त तो एकट्या हाताचा नव्हता.

साइडआर्मबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. वरून फेकणारा आणि बाजूने फेकणारा, दोघांच्याही चांगल्या थ्रोमध्ये दंड आणि धड यांच्यातला कोन चेंडू सुटताना ९० अंशांच्या आसपासच असतो. फरक पडतो तो धडाच्या झुकावामुळे. म्हणजे नुसता हात खाली आणून जॉन्सनची नक्कल करायला गेलात, तर नक्कल चुकीच्या जागेची होईल.

हात दुखला, आणि मग

जॉन्सनचं शरीर लोखंडाचं नव्हतं. १ जुलै १९२० ला बॉस्टनमध्ये त्याने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. आयुष्यातला त्याचा असा हा एकमेव सामना. त्यानंतर त्याचा हात दुखू लागला. त्या हंगामात तो ८ सामने जिंकला आणि १० हरला. दरवर्षी वीसच्या वर विजय मिळवणाऱ्या माणसाचं वय तेव्हा ३२ होतं. लोकांनी गाडी यार्डात लावायची वेळ आली असं धरलं.

कोपराच्या आतल्या बाजूला एक लहान बंध असतो, दोन हाडं एकत्र धरून ठेवणारा. थ्रोमध्ये सगळ्यात जास्त ताण यावरच येतो. तो तुटला तर आज 'टॉमी जॉन' नावाची शस्त्रक्रिया करतात. ती डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली १९७४ मध्ये. जॉन्सनच्या काळात हात गेला म्हणजे पोट भरायचं साधन गेलं.

जॉन्सन खेळत राहिला, पण आता नुसत्या वेगावर नाही. कर्व्हबॉल त्याने आधीच हाताशी घेतला होता. १९२४ मध्ये, ३६ वर्षांचा असताना, त्याने २३ सामने जिंकले, ७ हरला, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वॉशिंग्टन पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलं. समोर होते न्यूयॉर्क जायंट्स.

पहिला सामना जॉन्सनने १२ इनिंग टाकला आणि हरला. पाचवाही हरला. सतरा वर्षं वाट बघून मिळालेली संधी अशी जाताना सगळं शहर बघत होतं. १० ऑक्टोबरला सातव्या, शेवटच्या सामन्यात ३-३ बरोबरी असताना नवव्या इनिंगला त्याला आत बोलावलं. त्याने चार इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. बाराव्या इनिंगमध्ये अर्ल मॅकनीलीने मारलेला चेंडू टप्पा खाऊन फ्रेडी लिंडस्ट्रॉमच्या डोक्यावरून गेला, आणि वॉशिंग्टन जिंकलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या त्या फिल्ममध्ये हाच सामना आहे.

आता फोन हातात घ्या

चार दिवसांत तीन सामने, हा जॉन्सनचा विक्रम वाचून कोणी दिवसभर चेंडू फेकत बसू नका. त्या काळात पिचर प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकत नसत, जोर गरजेच्या वेळेसाठी राखून ठेवत. आज प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकला जातो. म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या. एका दिवसात ११-१२ वर्षांच्या मुलांनी जास्तीत जास्त ८५ पिच टाकायच्या, १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी ९५, आणि १७-१८ वर्षांच्या मुलांनी १०५. मध्ये विश्रांतीचे दिवस वेगळे. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की थकलेल्या हाताने नेहमी पिचिंग करणाऱ्या मुलांना शस्त्रक्रिया लागेल अशी दुखापत होण्याचा धोका ३६ पट जास्त होता.

थ्रो तपासायला फोन असा वापरा. २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा, भरपूर उजेडात, म्हणजे हात पुसट येणार नाही. फोन कंबरेच्या उंचीवर, तुमच्या बाजूला ठेवा. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांमध्ये उभा करा. दुसरा व्हिडिओ मागून घ्या. मग या पाच जागी थांबवून बघा. (उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी सांगतोय. डावखुऱ्यांनी उलट धरा.)

१. डावं पाऊल जमिनीवर पडलं त्या क्षणी चेंडूचा हात वर आलाय का? हात अजून मांडीजवळ असेल, तर तो मागे राहिला. आता तो घाईने ओढला जाणार आणि कोपर ताण खाणार.

२. पाऊल पुरेसं लांब पडतंय का? चांगल्या पिचरचं पाऊल साधारण स्वतःच्या उंचीच्या ८० टक्के किंवा जास्त अंतरावर पडतं. खूप आखूड असेल तर पायांचा जोर वर पोचत नाही.

३. कंबर आधी वळतेय की खांदे? दोन्ही एकदम वळत असतील तर पीळ पडलाच नाही. नव्या खेळाडूंमध्ये ही चूक सर्रास दिसते.

४. चेंडू सुटताना डावा गुडघा टिकलाय का? तो पुढे कोसळत राहिला तर ब्रेकच लागत नाही. सायकलचा पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा भाग जसा उचलला जातो, तसं पुढचा पाय टिकला की धड पुढे झेपावतं.

५. चेंडू सुटल्यावर हात कुठे जातो? तो छातीसमोरून तिरका, डाव्या मांडीकडे गेला पाहिजे. चेंडू सुटल्यावर खांद्यावर शरीराच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त ओढ येते. हात मध्येच थांबवला तर ती सगळी ओढ एका खांद्याने सोसायची.

एका वेळी एकच गोष्ट सुधारा, तीही अर्ध्या ताकदीने. आणि शरीरावर ठिपके-रेषा दाखवणाऱ्या एआय ॲपने कोपरावरचा ताण सांगितला तर त्यावर फार विसंबू नका. एका कॅमेऱ्याला चित्र सपाट दिसतं, हाताची गिरकी नीट दिसत नाही. दुखत असेल तर ॲप बंद करा आणि डॉक्टरकडे जा.

क्रिकेट खेळणाऱ्यांनाही हे लागू आहे, पण सीमारेषेवरून चेंडू फेकताना. गोलंदाजी करताना नाही. तिथे कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केलं की चेंडू अवैध ठरतो.

शेवटचा मोठा थ्रो

निवृत्तीनंतर जॉन्सन वॉशिंग्टनचा आणि मग क्लीव्हलँडचा मॅनेजर झाला. १९३० मध्ये त्याची पत्नी हेझल वारली, आणि मेरीलँडमधल्या शेतावर मुलांना वाढवायची जबाबदारी त्याच्यावर आली. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या पहिल्या पाच जणांत त्याचं नाव होतं.

त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला त्याला व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला बोलावलं. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी लहानपणी तिथली रॅपहॅनॉक नदी ओलांडून नाणं फेकलं होतं, अशी दंतकथा आहे. ते शक्य आहे का, यावर पैजा लागल्या होत्या. जॉन्सनने आधी आपल्या शेतावर सराव केला. मग कडाक्याच्या थंडीत, नदीकाठच्या गर्दीसमोर, चांदीचा डॉलर फेकला. पहिला पाण्यात पडला. त्यानंतरचे ८० मीटरहून रुंद पाणी ओलांडून पलीकडच्या काठावर पोचले. वय होतं ४८.

१० डिसेंबर १९४६ ला, मेंदूतल्या गाठीमुळे, वयाच्या ५९ व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच्याच जुन्या मैदानावर, बॉब फेलरचा चेंडू लष्कराच्या उपकरणाने मोजला गेला होता. आकडा आला ताशी ९८.६ मैल. वेग मोजायची यंत्रं दर पिढीला सुधारत गेली, आणि पुढेही सुधारतील. पाऊल, कंबर, धड, खांदा, हात हा क्रम मात्र १९१२ मध्ये जो होता तोच आज आहे. ॲपचा आकडा बघायच्या आधी तो क्रम बघा.